गायडोंगराचे तोंड

मार्गशीर्षातली दुपार. पिकलेली, मुरलेली, अंगावर ओढून घ्यावीशी वाटणारी दुपार. सह्याद्रीच्या कृष्णपाषाणी कड्यांवर ऊन पसरले होते, आणि ऊन उतरत होते पायरीपायरीने, माळावरून खाचरांत, खाचरांतून ओढ्यात. भात कापून मोकळी झालेली खाचरे, खाचरांत उरलेली पिवळी धसकटे, धसकटांत ध्यानस्थ बगळे. आणि या साऱ्याच्या माथ्यावर, पश्चिमेला, गायडोंगर.

कोंदळवाडीच्या वर हा डोंगर गाईसारखा बसला आहे. मान उचललेली, तोंड गावाकडे, पाठ कोकणच्या कड्याकडे. गावातून तिचे नुसते तोंड दिसते. शिंगापासून शेपटीपर्यंत अख्खी गाय पाहायची तर उत्तरेच्या माळावर चढावे लागते. गाय गावाकडे तोंड करून बसली आहे म्हणून गाव आहे, असे इथली माणसे मानतात. नवी सून आली की तिला आधी माळावर नेऊन गाय दाखवतात, मग घर. ज्यांना हसायचे त्यांनी खुशाल हसावे. कोंदळवाडीचे काही अडत नाही.

त्या दुपारी शाळेच्या सभागृहाच्या खिडक्यांना चादरी बांधून अंधार केला होता. त्या अंधारात, भिंतीवर ताणलेल्या शुभ्र कापडावर, कालिंदी पेंढारकर एकटी चालत होती. धुक्यातून चालत होती, काट्यांतून चालत होती, तृणकांचन पठारांवरून चालत होती. आणि खरी कालिंदी शेवटच्या रांगेत, ताठ कण्याने बसून, स्वतःला चालताना पाहत होती.

वय अडुसष्ट. चाळीस वर्षे तिने फक्त भूमीची छायाचित्रे काढली. डोंगर, दऱ्या, आभाळ. माणूस तिच्या चौकटीत कधी आला नाही, आणि आलाच तर तो निघून जाईपर्यंत ती थांबली. निषाद नावाच्या पुण्याच्या तरुणाने दोन वर्षे तिच्या मागे फिरून तिच्यावर माहितीपट केला होता. नाव ठेवले होते ‘विन्मुख’. ते नाव तिच्या एका छायाचित्राचे, आणि ते छायाचित्र याच गायडोंगराचे. म्हणून माहितीपट पहिल्यांदा दाखवायचा तो इथेच, असे निषादने हट्टाने ठरवले होते.

चौतीस वर्षांपूर्वी काढलेले ते चित्र. काळ्या-पांढऱ्यात कोरलेली गाय, डावीकडून आलेल्या उन्हात न्हालेली पाठ, आणि उजवीकडे अथांग पोकळीकडे उचललेले तोंड. संसाराकडे पाठ फिरवून निघालेली, निःसंग, निर्मोही, निराकाराकडे डोळे लावलेली गाय. मुंबईच्या एका मोठ्या समीक्षकाने तेव्हा लिहिले की असे वैराग्य दगडात कुणी पाहिले नव्हते, आणि ‘विन्मुख’ हे नावही त्यानेच दिले. बस्स! त्या एका नावाने कालिंदीचा जन्म ठरवून टाकला. धाकटी बहीण बारशाला बोलवायची, मुंजीला बोलवायची, आणि कालिंदी जायची नाही. ‘विन्मुख’ची बाई पंगतीत जिलबी वाढताना कशी शोभेल? पुढे पुढे बहिणीने बोलावणे सोडून दिले. ते कालिंदीला फार लागले होते. पण ते तिने कुणाला सांगितले नाही.

शेवटी ते चित्र पडद्यावर आले, आणि चित्रपट संपला. चादरी सुटल्या. उजेड आत आला, आणि उजेडाबरोबर अभिप्राय आले.

अभिप्राय द्यायला मराठी माणसाला आग्रह लागत नाही. जेवायला लागतो, अभिप्रायाला नाही. हेडमास्तरांनी ‘तपस्या’, ‘साधना’ आणि ‘समाधी’ हे तीन शब्द आळीपाळीने फिरवत दहा मिनिटे सहज काढली. नगरहून आलेल्या चित्रकलेच्या सरांनी छायाप्रकाशाचे विवेचन केले. ते कुणालाच कळले नाही, म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अंगणवाडीच्या ताईंनी रानात एकटीला भीती वाटत नाही का, असे विचारले. पुढच्या रांगेतल्या एका आजोबांना सिनेमा पसंत पडला, पण अख्ख्या सिनेमात ही बाई एकदाही जेवताना दिसली नाही, याचा घोर त्यांच्या मनाला लागून राहिला होता. मागे कुणीतरी कुणाच्या तरी कानात म्हटले की लेकरेबाळे असती तर अशी डोंगर-डोंगर भटकली नसती. ते कालिंदीलाही ऐकू गेले, आणि ती हसली. असल्या बोलांनी तिचे कातडे केव्हाच निबर झाले होते.

सर्वांना भावले ते तिचे व्रत. ज्या जागेवरून एकदा चित्र घेतले त्या जागी पुन्हा पाऊल ठेवायचे नाही, हे ते व्रत. आणि पडद्यावर तिने ते शांत, ठाम, घनगंभीर स्वरात सांगितले होते. त्याच स्वरात पुढे म्हटले होते, डोंगर जसा आहे तसाच मी दाखवला, माझ्या पदरचे त्यात काही घातले नाही. या वाक्याला हेडमास्तरांचे डोळे पाणावले होते.

मग भिंतीलगत बसलेली चांगुणाबाई गभाले उठली. सत्तरी ओलांडलेली, काटक, काळीसावळी, उभा जन्म उत्तरेच्या माळावर गुरे राखण्यात गेलेली. हातात आलेला माईक तिने शेजारणीच्या मांडीवर ठेवला. तिला त्याची गरज नव्हती. दरीपलीकडच्या गाईला हाक मारणारा तो गळा.

“समदं ग्वाड हाय,” ती म्हणाली. “पर बाई, गाय उलटी बसवली तुम्ही. आमची गाय गावाकडं बघती. हितं तिनं कड्याकडं तोंड केलंय, गाव टाकून निघाल्यावानी.”

सभागृह हसले. निषादने समजुतीच्या सुरात सांगितले की आजी, ते दुसऱ्या बाजूने काढले असेल, त्या बाजूने तसेच दिसणार. चांगुणाबाईने त्याच्याकडे असे पाहिले, जसे नव्या वासराकडे पाहतात. “पल्याड सरळ कडा हाय, बाबा. तिथून बघायचं तर घार व्हावं लागंल.” सभागृह पुन्हा हसले, आणि या वेळी निषादला हसले.

कालिंदी हसली नाही.

तिने डोळे मिटले. आणि मिटल्या डोळ्यांपुढे ती चौतीस वर्षांपूर्वीची संध्याकाळ उभी राहिली, माळ उभा राहिला, वारा उभा राहिला. सूर्य मावळत होता, आणि तिचा उजवा गाल तापला होता. उजवा! डोंगर समोर, कडा उजवीकडे, ऊन उजवीकडून. चित्रात ऊन डावीकडून येते. माणसाच्या आठवणी फसवतात, पण उन्हाने भाजलेला गाल कोणत्या अंगाचा होता, हे अंग विसरत नाही.

मग बाकीचेही आठवले. उसनी घेतलेली अंधारखोली, लाल मिणमिणता दिवा, दुसऱ्या दिवशी प्रदर्शन, आणि हाताची घाई. फिल्मची एक बाजू चकचकीत असते, एक निस्तेज. कुठली वर नि कुठली खाली, एवढेच ध्यानात ठेवायचे असते. नवशिकेसुद्धा ठेवतात. त्या रात्री प्रत काढताना तिने फिल्म पालथी घातली, आणि डावे ते उजवे झाले. पुढे मूळ फिल्मला बुरशी लागून ती गेली, आणि नंतरच्या साऱ्या प्रती त्या पहिल्या प्रतीवरूनच निघाल्या. ती या माळावर एकदा जरी परतली असती तरी चूक पाहता क्षणी कळली असती. पण परतायचे नाही, हेच तर व्रत होते.

म्हणजे गाय निघालेली नव्हती. गाय कधीच निघालेली नव्हती. चौतीस वर्षे जग ज्या वैराग्यापुढे मान तुकवत होते, ते डोंगराचे नव्हतेच. ती एका घाईच्या हाताची चूक होती. आणि त्या चुकीचे नाव अंगावर शालीसारखे पांघरून कालिंदी जगली होती.

निषाद तिच्या बाजूला येऊन बसला होता. तिचा चेहरा पाहून तो काय ते समजला. हळूच म्हणाला की ताई, आत्ता काही बोलू नका. पुढच्या आठवड्यात दिल्लीच्या संग्रहालयात ते चित्र लागणार आहे, माहितीपट परदेशी जाणार आहे, मूळ फिल्म तर नाहीच, मग सिद्ध कोण करणार?

तो म्हणत होता ते खोटे नव्हते. नुसते गप्प राहिले तरी पुरले असते. एका गुरे राखणाऱ्या बाईचा शब्द, आणि समोर चौतीस वर्षांची कीर्ती. निवाडा कुणाच्या बाजूने लागला असता, हे सांगायला ज्योतिषी नको.

“तिनं पाहिलंय, निषाद,” कालिंदी म्हणाली. “आणखी कसला पुरावा हवा?”

ती उभी राहिली. आवाज कापला नाही, मान झुकली नाही. डोंगर पाहायला शिकलेल्या माणसाला उभे कसे राहायचे ते वेगळे शिकवावे लागत नाही. “चांगुणाबाई बरोबर बोलतायत,” ती म्हणाली. “गाय उलटी मी बसवली. चूक माझी. तुमच्यापैकी एकालाही मी विचारायला आले नाही, म्हणून ती चौतीस वर्षं टिकली.”

हेडमास्तर उठता उठता बसले. दिल्लीला आजच कळव, ते चित्र लावू नका म्हणावे, असे तिने निषादला सांगितले. निषादने, दोन वर्षांचे काम डोळ्यांदेखत ओघळत असताना, फक्त मान हलवली. आणि त्या मान हलवण्याबद्दल त्याला शाबासकी द्यायला हवी.

आणि मग कालिंदीने जे केले ते तिने जन्मात केले नव्हते. ती रांगा ओलांडून चांगुणाबाईपाशी गेली आणि म्हणाली, मला वर घेऊन चला. चांगुणाबाईने तिच्या पायांतल्या बुटांकडे पाहिले, पायांकडे पाहिले, आणि हो म्हणाली. तशीही तिला गुरे आणायला जायचेच होते.

अर्ध्या तासाची चढण. पुढे काठी, मागे कॅमेरा. चांगुणाबाई वाटभर बोलत होती, कोणती गाय लाथाळ, कोणती चोरटी, कोणती नुसती नावाला दुभती. आणि कालिंदी, जिने चाळीस वर्षे डोंगरात माणसाचा शब्द सहन केला नव्हता, ती हुंकार देत होती. मध्येच तिने सांगितले की मला एक धाकटी बहीण आहे. चांगुणाबाईने विचारले, मग ती कुठंय? उद्या आपणहून बहिणीच्या दारात जायचे, हे कालिंदीने त्याच चढणीवर ठरवले, आणि ठरवल्यावर तिला दम लागेनासा झाला.

माळ आला. तृणकांचन, वातचंचल, आभाळाला टेकलेला माळ. समोर गाय बसली होती, शिंगापासून शेपटीपर्यंत अख्खी, कड्याकडे पाठ, पाठीवर मावळतीची लाली. आणि तिचे तोंड डावीकडे होते, खाली, जिथे कौले होती, परसे होती, चुलींचे पहिले निळे धूर होते.

कालिंदीने कॅमेरा डोळ्याला लावला, आणि चौकट डावीकडे सरकवली. सरकवली, आणखी सरकवली, गाव आत येईपर्यंत सरकवली.

“बाजूला व्हा, बाई,” चांगुणाबाई म्हणाली. “गुरांची वाट हाय.”

ती बाजूला झाली. गुरे आली, तांबडी आली, कपिला आली, लंगडी आली, एकामागून एक तिच्या चौकटीतून उतरत गेली. धूळ उठली, सोनेरी उठली, माळ बुडाला, वाट बुडाली, डोंगराची पाठ बुडाली. आणि त्या धुळीवर, उन्हात, फक्त एक तोंड उरले, गावाकडे वळलेले.