साचा

केसरीनाथांनी शेडचे दार ढकलले, तेही कडी वाजू न देता. धनेश पाठमोरा होता. लाकडी चौकटीत ताणून बसवलेली प्लास्टिकची शीट त्याने हीटरवर धरली होती आणि ती मऊ पडण्याची वाट पाहत तो उभा होता.

पडघ्याच्या रस्त्यालगतची ही शेड त्यांनीच पुतण्याला दिलेली. नाटकवाल्या मंडळींसाठी तो तिथे हौसेने चिलखते, शिरस्त्राणे घडवी. त्याविषयी त्यांनी कधी विचारणा केली नव्हती. आज भर दुपारी ते निजामपुऱ्यातल्या घरून रिक्षा करून आले, त्याला कारण सकाळचे बोलणे. धनेश फोनवर दबक्या आवाजात सांगत होता, की काका घरात आहेत तोवर साचा बाहेर काढता येणार नाही, आणि अजून त्याला भोके पाडायची आहेत.

केसरीनाथांच्या घरात यंत्रमागाला साचा म्हणत. ते माग त्यांनी धाकट्या भावाच्या जोडीने उभे केले होते. भाऊ गेला, तेव्हापासून त्याचा मुलगा त्यांच्याच ताटात जेवून वाढला. अलीकडे गल्लीतले माग एकामागून एक भंगाराच्या टेम्पोत चढत होते, मुलगे ते परस्पर विकून मोकळे होत, आणि बापाला ते बहुधा शेवटी कळे. येताना ते आपल्या मागांच्या गाळ्यात डोकावून आले. माग जागच्या जागी होते. त्याने मनाला स्वस्थता आली नाही. अजून वेळ आहे, एवढेच उमगले.

"साचा कोनाला इकलास?"

धनेश दचकला. त्याने पटकन पाय सरकवून मागच्या पेटीवरचे काहीतरी आडोशाला घेतले. त्यावर फडके टाकलेले होते.

"इकला? काय बोलताय, काका?"

"फोनवर कोनाशी बोलत होतास? भोकं कसली पाडायची हायेत?"

धनेश हसू लागला. मग काकांच्या मुद्रेकडे पाहता पाहता ते हसू अर्ध्यावरच राहिले.

"तुम्हाला गाळ्यातला साचा वाटला."

 केसरीनाथांची नजर फडक्यावरून हलली नव्हती.

"ते फडकं काढ."

शीट एव्हाना मधोमध झोळीसारखी लोंबू लागली होती. आणखी थांबणे शक्य नव्हते. धनेशने फडके ओढले, चौकट उचलून पेटीवर दाबली आणि पायानेच पेटीला जोडलेल्या व्हॅक्यूम क्लीनरचे बटण दाबले. पेटीतली हवा घरघरत खेचली गेली. शीट खालच्या प्लास्टरला घट्ट बिलगली, आणि पाहता पाहता एक चेहरा वर आला.

भुवया आक्रसलेल्या, एक डोळा बारीक, ओठ आत आवळलेले. केसरीनाथांना दाढी करताना आरशात रोज दिसे, तोच चेहरा.

धनेश खाली पाहून बोलू लागला. अंबाडी गावच्या मंडळाच्या नाटकात एक म्हातारा होता. त्याच्या मुखवट्यासाठी प्लास्टरचा साचा त्याने घरीच घडवला होता. खोलगट जागी हवा अडकू नये, म्हणून त्याला बारीक भोके पाडावी लागत. काकांच्या डोळ्यांदेखत साचा घराबाहेर काढणे त्याला प्रशस्त वाटले नव्हते; ते आंघोळीला गेले, तेव्हा तो उचलून त्याने इथे आणला आणि भोके पाडली.

"कसा म्हातारा?" केसरीनाथांनी विचारले.

धनेशने व्हॅक्यूम क्लीनर बंद केला.

"कोणावर विश्वास न ठेवणारा. मला दुसरा चेहराच सुचला नाही, काका."

बाहेर महामार्गावरून एक कंटेनर गेला, तसा पत्रा थरथरला. केसरीनाथांनी शीटवर बोट ठेवले. ती निवून टणक झाली होती.

"आन् बिघडला तं?"

"परत तापवायचा. होती तशी सपाट होते शीट."

 केसरीनाथांनी दोन्ही हातांनी चौकट धरली, हलवून साच्यावरून सोडवली आणि स्वतः नेऊन हीटरवर ठेवली. धनेश पुढे झाला, मग थांबला.

आधी नाकाचा शेंडा बसला. मग गाल. भुवयांमधली आठी मात्र बराच वेळ तग धरून राहिली, आणि तिच्यावरची नजर न काढता केसरीनाथ म्हणाले, "दुसरा साचा करायला किती दिस लागतील रे?"