मास्तरांची बसल्या जागची पावलं

लेकीने पावलं मोजायचं यंत्र आणून हातात ठेवलं तेव्हा मास्तरांनी ते आधी उलटं करून पाहिलं, आतली शिवण तपासावी तसं. शिंप्याची खोड, दुसरं काय. काडेपेटीएवढी डबी, पट्ट्याला अडकवायची. पाऊल पडलं की आकडा एकाने पुढे.

"रोज सहा हजार," लेक म्हणाली. ती दवाखान्यात रक्त तपासायचं काम करायची, त्यामुळे बापाची साखर बापाच्या आधी तिला कळायची. "तळपाय बधिर होताहेत तुमचे, बाबा. असंच बसून राहिलात तर पाय गमवायची पाळी येईल, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. रोज संध्याकाळी मला फोन करून आकडा सांगायचा."

मास्तरांनी मान डोलावली. मान डोलवायला काय जातंय?

पण आकडा खरंच रोज यायला लागला. सहा हजार दोनशे. सहा हजार नऊशे. एकदा तर आठ हजारांच्या वर. लेक खूश, येईल त्याला बापाचं कौतुक सांगत सुटली. महिन्याने रक्त तपासलं तर साखर खाली यायची सोडून वर गेलेली. आता हे गणित कुणाला सुटायचं?

मग ती एका दुपारी न कळवता दुकानात येऊन उभी राहिली. मशीन धडधडत होतं. मास्तर खुर्चीत, आणि डबी पट्ट्याला नाही, उजव्या पायाच्या मोज्याला अडकवलेली. पाय पेडलवर खाली-वर, आकडा मजेत पुढे.

"हे काय चाललंय, बाबा?"

"पाय चालताहेत," मास्तर म्हणाले. "पायच चालवायचे होते ना?"

चोर तो चोर, वर शिरजोर. तिला हसू यायच्या बेतात होतं, तेवढ्यात तिचं लक्ष सुईकडे गेलं. सुईखाली कापड नव्हतं. सुईत दोरासुद्धा नव्हता. शिवलेले कपडे टांगायच्या दांडीवर मास्तरांचा स्वतःचा कोट तेवढा लोंबत होता.

"काम डोक्यावरून चाललंय, बाहेर पडायला फुरसत नाही, असं म्हणत होतात तुम्ही."

मास्तरांनी पाय थांबवला. 

एके काळी होतं की काम! शाळा उघडायच्या आधीच्या महिन्यात ती दांडी अशी भरायची की दुकानात भर दुपारी दिवा लावावा लागायचा. हीच लेक टेबलाखाली बसून चिंध्यांच्या बाहुल्या करायची, तिची आई काजं करता करता दोघांवर खेकसायची. संध्याकाळी दुकानाला कुलूप लावून तिघं चौकापर्यंत फिरायला निघायची, आणि मास्तर चालता चालता लोकांच्या अंगावरची आपली शिवण ओळखत जायचे. तो खांदा माझा. तो खिसा माझा. त्या तपकिरी पँटचं माप चुकलं होतं, पण माणूस भला, बोलला नाही. एवढासा रस्ता, पण तासभर पुरायचा. बायको गेली, कोपऱ्यावर तयार कपड्यांचं मोठं दुकान आलं, आणि तो रस्ता त्यांनी सोडला तो सोडलाच.

"वर्षभर कुणी फिरकलं नाही," ते म्हणाले. "आवाज थांबला की सगळ्यांना कळेल. आणि बाहेर गेलं तर अख्ख्या रस्त्यात एकाच्या अंगावर माझा टाका नाही. ते बघवत नाही गं मला."

लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि रागही आला. "आणि पाय गेलेला बघवेल?" तिने डबी मोज्यावरून काढून त्यांच्या पट्ट्याला अडकवली, कोट त्यांच्या अंगावर चढवला आणि दुकानाला कुलूप घातलं. "चला."

मास्तर निघाले, पण मान खाली घालून. फरशा मोजत असल्यासारखे चालले होते. चौकात एक टक्कल पडलेला गृहस्थ आडवा आला.

"मास्तर ना? ओळखलंत का? माझ्या शाळेच्या पँटी तुम्ही शिवायचात. खाली चार बोटं दुमडून ठेवायचात, दरवर्षी थोडं उसवायचं. एक पँट तीन वर्षं जायची."

"चार नाही, पाच बोटं," मास्तर म्हणाले. "तू फार भराभर वाढायचास." बोलता बोलता त्यांची नजर सवयीने त्याच्या पायांकडे गेली. तयार घेतलेली पँट, टाचेखाली घासत होती.

"हां, लांब झालीय जरा," गृहस्थ ओशाळला. "आज दुकान बंद का? काल तर मशीनचा आवाज येत होता."

लेकीने बापाचा दंड घट्ट धरला. आता बाबा काहीतरी थाप मारणार, तिला वाटलं.

"दुकान वर्षापूर्वीच बंद पडलंय," मास्तर म्हणाले. "रोज मी रिकामंच मशीन चालवत होतो."

 मग त्यांनी गृहस्थाच्या खांद्यावर थोपटलं, आणि लेकीला घेऊन ते पुढच्या रस्त्याला लागले.