मयतवाटेवरील हरकत

श्रीरंगाने बावखल बुजवले, तेव्हा मी कन्येच्या बाळंतपणानिमित्त डहाणूस गेलो होतो. परत येऊन पाहतो तो, माझ्या व त्याच्या वाडीच्या मधोमध जेथे आजोबांच्याही आधीपासून पाणी होते, तेथे राडारोडा पसरलेला होता. फुटक्या विटा, कुणाच्या तरी न्हाणीघराच्या निळ्या फरशा, आणि त्यांवर दाबून बसवलेला लाल मुरूम. एका कोपऱ्यात काही बेडूक अजून ओल शोधीत होते.

ज्यांनी आमच्या वसईकडील वाड्या पाहिलेल्या नाहीत, त्यांच्यासाठी सांगतो. बावखल म्हणजे वाडीतील गोड्या पाण्याचे तळे. पावसाचे पाणी त्यात साठते व मुरते, आणि त्या मुरलेल्या पाण्याच्या भाराने समुद्राचा खार विहिरींपासून दूर राहतो. आमचे बावखल दोन्ही घरांचे सामाईक होते. उन्हाळ्यात गाळ दोघांनी मिळून काढावयाचा आणि पाणी पाळीने घ्यावयाचे, हा शिरस्ता होता. श्रीरंग माझ्या सख्ख्या काकांचा मुलगा. वडील अकाली निवर्तल्यामुळे माझे शिक्षण आठवीत खुंटले व मी सोनचाफ्याच्या झाडांमागे राहिलो. तो शिकला, चंदनसारला त्याने इमारती उभ्या केल्या, सातिवलीला गाळे काढले. मला त्याचा अभिमानच होता, हे मी येथे प्रामाणिकपणे नमूद करतो.

"दादा, कशाला एवढं मनाला लावून घेतोस?" तो म्हणाला. त्याच्यासोबत त्याचा मुकादम उभा होता. "नळ येणारच आहे. आणि डास तरी गेले."

"मला विचारायचं होतंस."

"विचारलं असतं, तर तू नाही म्हणाला असतास."

मुकादम हसला. श्रीरंगही हसला. ते हास्य माझ्या कानांतून आजतागायत गेलेले नाही.

पुढील उन्हाळ्यात माझी विहीर मचूळ झाली, व त्याच्या पुढील उन्हाळ्यात खारट. सोनचाफ्याची पाने कडांनी करपू लागली. कळ्या उमलण्याआधीच गळून मुळाशी पडत. पत्नी चहाचा पहिला घोट घेऊन कप खाली ठेवीत असे. एके दिवशी मी वाडीतील सर्वांत जुने झाड तोडले. त्याच्या बुंध्यावर बसून मी सूड घेण्याचा निश्चय केला. मी शपथ घेतली नाही, कोयत्याकडेही पाहिले नाही. मी नियम शिकावयास घेतले.

प्रथम मी बावखलासाठी दाद मागितली. तहसील कचेरीतील बाबूने सातबाराचा उतारा माझ्याकडे फिरवला आणि विचारले, "काका, यात पाणी कुठं आहे? यात बागायत जमीन आहे. जमिनीवर त्याने माती टाकली, एवढंच ना?" खरोखरच, पाण्याची नोंद करावी असे आमच्या पूर्वजांपैकी कोणासही सुचले नव्हते. जे डोळ्यांसमोर होते, ते लिहून कशासाठी ठेवायचे? सारांश, सरकारच्या दृष्टीने श्रीरंगाने काहीच बुजवले नव्हते.

तथापि त्या फेऱ्यांत मला एक गोष्ट उमगली. शहरातील प्रत्येक जमिनीस नकाशावर एक रंग असतो. पिवळ्या रंगात वस्ती करता येते, हिरव्या रंगात जवळजवळ नाही. इमारतीभोवती किती जागा मोकळी सोडावी, भूखंडाच्या मानाने किती बांधावे, हे सर्व ठरलेले असते. आणि सर्वांत महत्त्वाचे, जितका रस्ता रुंद तितकीच इमारत उंच. हे वाक्य मी भिंतीवर लिहून ठेवले होते. ते पुढे उपयोगी पडेल, असे माझे अंतःकरण मला सांगत होते.

या अभ्यासात माझा जोडीदार व्हिन्सेंट होता. त्याची केळीची वाडी आमच्या पलीकडेच आहे. इंग्रजी मजकूर तो वाचून दाखवी.

"गंगाराम," तो म्हणे, "पूर्वी तू भेटलास की चाफ्याचा भाव विचारायचास. आता मार्जिन आणि एफएसआय. तुझ्याबरोबर चहा प्यायचा तर आर्किटेक्ट घेऊन यावं लागेल."

"तू पुढचं वाच."

"वाचतो रे. पण रविवारी चर्चमधल्या मिस्सालाही मी इतकं मन लावून वाचत नाही."

शहराच्या सुधारित आराखड्याचा मसुदा लोकांच्या हरकतींसाठी प्रसिद्ध झाला, तेव्हा आम्ही दोघे तो पाहावयास गेलो. भिंतीवर लावलेल्या त्या भल्यामोठ्या नकाशात व्हिन्सेंटने बोटाने आमची आळी शोधून काढली. श्रीरंगाची हिरवी वाडी पिवळी झालेली होती. तिला लागून एक रुंद रस्ता आखलेला होता, आणि तो रस्ता डांबरी सडकेपर्यंत माझ्या वाडीतून जात होता. बरोबर मयतवाटेवरून.

मयतवाट म्हणजे काय, तेही सांगणे प्राप्त आहे. श्रीरंगाच्या घराकडून सडकेस येण्यास दोन मार्ग. एक शाळेमागील बोळ. तो अरुंद व वाकडा आहे, आणि त्याच्या वळणावर तिरडी कलती केल्याशिवाय निघत नाही. मेलेल्या माणसास कलते करू नये, अशी आमच्याकडची रीत. म्हणून आतल्या घरांतील मयत माझ्या वाडीतून, सुपारीच्या दोन रांगांमधील पायवाटेने बाहेर नेतात. त्यासाठी कोणी कोणास विचारीत नाही. ज्याची वाडी, त्याने मयत निघण्यापूर्वी वाटेवर आलेली पाने छाटावीत, धूळ बसावी म्हणून पाणी शिंपडावे आणि बाजूस उभे राहावे. भांडण असले तरी यात खंड पडत नाही.

श्रीरंगाने ही वाट वहिवाटीचा जुना रस्ता म्हणून दाखवली होती. शाळेमागील बोळावर त्यास जेमतेम दोन मजले मिळाले असते. माझ्या वाडीतून रुंद रस्ता गेला की सात.

"म्हणजे वरचे पाच मजले तुझ्या सुपारीत आहेत," व्हिन्सेंट म्हणाला.

त्या नकाशासमोर मला जो आनंद झाला, तसा आनंद मला कन्येच्या लग्नातही झाला नव्हता. ज्या कागदांनी माझे पाणी पाहिले नाही, त्याच कागदांवरून मी त्याचा रस्ता पुसणार होतो.

मी मुदतीत हरकत दाखल केली. सुनावणीस श्रीरंग आर्किटेक्टला घेऊन आला. पांढरा सदरा, हातात दोन मोबाइल.

"साहेब, ही वाट पिढ्यान्‌पिढ्यांची आहे," तो म्हणाला. "माझे आजोबा याच वाटेने गेले, वडील याच वाटेने गेले. साऱ्या आळीला विचारा."

अधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिले. "मयत जातं का तिथून?"

"जातं, साहेब."

"तुमची परवानगी घेतात?"

या प्रश्नासाठी मी तयारी केली होती. मी म्हणालो, "वाडी आमची खासगी आहे. आमच्या संमतीनेच नेतात. आम्ही आजवर ती कधी नाकारली नाही, एवढंच. वहिवाट म्हणून तिथे कोणाचाही हक्क नाही."

श्रीरंग माझ्याकडे वळला. "दादा, माझ्या बापाच्या मयताला तू स्वतः पाणी शिंपडलंस. तेव्हा मी तुझ्याकडे परवानगी मागितली होती?"

"मागायला हवी होतीस," मी म्हणालो. "विचारायची तुला सवयच नाही."

बाहेर आल्यावर व्हिन्सेंटने माझी पाठ थोपटली नाही.

त्या आठवड्यात द्वारकाकाकी आली. श्रीरंगाची आई, माहेर कामणच्या भातशेतीतले. माझी आई लवकर गेली, तेव्हा मला हिनेच जेवू घातले होते. ती रोज सायंकाळी त्याच वाटेने माझ्याकडे येई, ओट्यावर बसे व माझ्या पत्नीशी सुनांच्या चहाड्या करी. त्या दिवशी ती ओट्यावर बसली नाही. काठीवर दोन्ही हात ठेवून अंगणात उभी राहिली.

"गंग्या, तू सायबाला सांगितलंस म्हने, हितं वाट नाय."

"कायद्याचं बोलणं असतं, काकी."

"मग मी आता आले, ती कशावरनं आले?"

"तू कधीही ये. तुला कोण अडवणार आहे?"

"अडवनार नाय म्हनतोस. म्हंजे अडवू शकतोस."

मी म्हणालो, "त्याने माझं पाणी घेतलं, काकी."

"ठाव हाय. मी त्याला तोंडावर शिव्या घातल्या. पानी बुजवनाऱ्याच्या हातचं जेवनार नाय म्हनून दोन दिवस उपाशी राहिले. तो नाय ऐकत. तो बिल्डर झाला. तू तरी ऐक. ती हरकत काढ."

"नाही, काकी."

"बरं." ती वळली. वाटेच्या तोंडाशी येऊन थांबली, आणि वाटेने न जाता सडकेवर गेली. शाळेला वळसा घालून, काठी टेकीत, ती त्या बोळाने घरी पोहोचली. पत्नी मला म्हणाली, "जा ना, हात तरी धरा." मी गेलो नाही. त्यानंतर काकी माझ्या वाडीतून कधी चालली नाही.

माझी हरकत मान्य झाली. रस्त्याची रेघ पुसली गेली. श्रीरंगाच्या जागेवर सात मजल्यांच्या चित्राचा एक मोठा फलक होता. त्यावर बाल्कनीत हसणारे एक कुटुंब होते. मी रोज सकाळी दात घासताना त्या कुटुंबाकडे पाहत असे. पावसाने ते फिके होत गेले, अखेर एके दिवशी मजुरांनी फलक उतरवला, आणि तो दिवस मी गोड शिरा करून साजरा केला. तथापि श्रीरंगाने वरच्या दारी दाद मागितली होती. वाट वहिवाटीचीच आहे, हे तो साक्षीदार आणून सिद्ध करणार होता. माझ्या वकिलांनी सल्ला दिला की वाटेवर लोखंडी फाटक बसवा व 'खासगी मालमत्ता' अशी पाटी लावा. मी दोन्ही केले.

शिमग्यानंतर काकी वारली. सकाळी तिच्या घराकडून रडण्याचा आवाज आला, आणि मी काही न विचारता फाटक पूर्ण उघडले. विळ्याने पाने छाटली. पत्नीने वाट झाडली. मी खाऱ्या विहिरीचे पाणी काढून शिंपडले, दुसरे पाणी माझ्याजवळ नव्हते. मग बाजूस उभा राहिलो.

तिरडी आली. पुढे श्रीरंग, अनवाणी, हातात विस्तवाचे मडके. मागे सारी आळी. खांदा देणाऱ्यांत व्हिन्सेंटही होता. फाटकापाशी श्रीरंग थांबला, म्हणून सगळे थांबले.

"दादा," तो म्हणाला. त्याचा आवाज बसलेला होता. "पाऊल टाकायच्या आधी एक सांग. ही वाट आहे, का तुझी जागा?"

मडक्यातून धूर येत होता.

"म्हण, वाट आहे," व्हिन्सेंट हळूच म्हणाला. "गंगाराम, एक शब्द. म्हातारीसाठी."

मी त्या क्षणी काय विचार केला, ते स्पष्ट लिहितो. मी श्रीरंगाच्या डोळ्यांकडे पाहिले. तो पुत्र म्हणून विचारतो आहे की बिल्डर म्हणून, हे मला कळले नाही. कदाचित त्यालाही कळत नसावे. त्याची दाद अजून प्रलंबित होती. समोर सारी आळी उभी होती, आणि यातील प्रत्येक जण उद्या साक्षीस उभा राहू शकत होता. मी 'वाट' म्हटले असते, तर त्या एका शब्दावर सात मजले चढले असते. मला माझे तोडलेले झाड आठवले. मला मुकादमाचे हसणे आठवले.

"जागा माझी आहे," मी म्हणालो. "काकीला न्यायला माझी संमती आहे. ने."

"संमतीने नको," श्रीरंग म्हणाला. "फिरवा रे."

तिरडी वळली. माझ्या पत्नीने तोंडाला पदर लावला. मी फाटक तसेच टाकून सर्वांच्या मागून चालू लागलो. शाळेमागील बोळाच्या वळणावर तिरडी अडली. चौघांनी ती डोक्यावर उचलून भिंतीवरून काढण्याचा यत्न केला, तेव्हा ती कलली, आणि काकी पायांकडे घसरली. श्रीरंगाने मडके खाली ठेवले व दोन्ही हातांनी तिचे डोके धरले. मी पुढे धावलो. व्हिन्सेंटने खांद्यानेच मला मागे सारले. "तू राहू दे," तो म्हणाला. स्मशानापर्यंत मला कोणी खांदा देऊ दिला नाही.

श्रीरंगाची दाद फेटाळली गेली. निकालाची प्रत घेऊन मी व्हिन्सेंटकडे गेलो. त्याने ती शेवटपर्यंत वाचली, घडी घातली, आणि चहाचे विचारले नाही. आळीतील मयते आता बोळातूनच जातात. फाटकास मी कुलूप लावीत नाही. वाटेवर सुपारीच्या झावळ्या पडून राहतात, कारण त्यांवरून चालणारे कोणी नाही.

श्रीरंगाने आता बोळाच्या रस्त्यावर जेवढे मिळते तेवढे, दोन मजल्यांचे घर बांधावयास घेतले आहे. बुजवलेल्या बावखलावरच ते उभे राहत आहे. त्याची मागची भिंत माझ्या हद्दीकडे येते. ओट्यावरून पाहता तिचे अंतर नियमापेक्षा हातभर कमी भासते. मजूर दुपारी जेवावयास जातात. तेव्हा मी टेप घेऊन ते मोजून येणार आहे.