भावजींची नऊशे बारा उड्डाणं

माझे भावजी धंद्याने शिंपी आणि बाण्याने वैमानिक. दुकानामागच्या खोलीत, अस्तराच्या गठ्ठ्यांमध्ये कॉम्प्युटर मांडून ते विमान उडवण्याचा खेळ खेळत. खेळ म्हटलेलं मात्र त्यांना खपत नसे. असल्याच हौशी मंडळींनी मिळून इंटरनेटवर एक विमान कंपनी काढली होती आणि तिथे भावजींना 'कॅप्टन' म्हणत. उड्डाण सहा तासांचं असलं, की भावजी सहा तास खुर्ची सोडत नसत. बाहेर गिऱ्हाईक एका बाहीच्या कोटात ताटकळत उभं. ताई हाका मारून दमायची, "अहो, निदान दोन घास खाऊन घ्या!" आतून उत्तर यायचं, "खाली जमीन दिसू दे आधी."

मग धाकट्या बहिणीला मुलगी झाली. आईला तिच्याकडे पोचवायचं होतं, दोन तासांच्या विमानप्रवासाने. आई जन्मात विमानात बसली नव्हती. ती घाबरली, तशी भावजींनी छाती फुगवली.

"आई, नऊशे बारा उड्डाणं झालीत माझी. एकदाही अपघात नाही! मीच नेतो तुम्हाला."

भावजीही जन्मात विमानात बसले नव्हते. पण हे बोलून जावयाचा अपमान कोण करणार? मी गुपचूप तिसरं तिकीट काढलं.

विमानाच्या दारात वैमानिक उभा होता. भावजींनी त्याला आपल्यातलाच समजून सलाम ठोकला. जागेवर बसल्यावर त्यांना पट्टा लावता येईना. तो आईने लावून दिला.

विमान धावलं, नाक वर झालं आणि कॅप्टनसाहेबांचा चेहरा पांढराफटक पडला.

"बटण कुठंय?" त्यांनी माझं मनगट आवळलं.

"कसलं?"

"थांबवायचं!"

"जावईबापू, माझ्याकडे बघा," आई म्हणाली. "लांब श्वास घ्या." तिने त्यांचा हात धरला, तो पोचेपर्यंत सोडला नाही. मधेच ती खिडकीतून खाली बघून खुदकन हसलीसुद्धा.

मला वाटलं, चला, भूत उतरलं. कसलं काय! बाळ बघून भावजी एकोणीस तास बसमध्ये काढून घरी परतले आणि कंपनीतल्या मित्रांना त्यांनी सविस्तर अहवाल लिहिला: 'खरं विमान तितकंसं जमलेलं नाही. हादरे उगाच जास्त ठेवलेत. ढग तर अगदीच खोटे वाटतात.'

एक्केचाळीस कॅप्टनांनी दुजोरा दिला. एकाने सुचवलं, खऱ्या विमान कंपनीकडे रीतसर तक्रार करा.

भावजींनी ती केलीसुद्धा.