बसवण्णाचं रक्त वाहणारी बाटली

मित्रांनो, मी उमरग्याकडच्या ढोरांच्या दवाखान्यातली एक जुनी काचेची बाटली आहे. निजामाच्या राज्यात माझ्या तोंडाला रबरी नळी होती.

त्या साली सिद्धम्माची कपिली गाय तांबडं मुतू लागली. अंगावर करवंदांसारख्या गोचिडी. त्यांच्या चाव्यातून रक्तात बारीक किडे शिरले होते आणि आतून रक्त नासवत होते. सिद्धम्मा एकटी; घरातलं माणूस म्हणाल तर ती गायच.

शेजारच्या धुळाप्पानं काय करावं? गाईचा कान चिरला! "वाईट रक्त जाऊ द्या, अक्का. मग बघा कशी उठती." निघालं ते पाणी. जिच्यात रक्त उरलं नाही तिचंच सांडायचं, ही आपली अक्कल!

सलोत्री, म्हणजे ढोरांचे डॉक्टर, आले. गाईची पापणी उलटली, चुन्यासारखी पांढरी. त्यांनी शिरेत निळं औषध सोडलं. "बाई, किडे मरतील. पण जगायला रक्त पाहिजे. एखादं धट्टंकट्टं जनावर आणा."

गावाची बैलं पेरणीनं खंगलेली. धट्टाकट्टा एकच, महादेवाच्या नावानं सोडलेला पोळ, बसवण्णा.

"देवाचं रक्त काढता?" पुजारी कल्याणप्पा ओरडले. "हे पाप कुठं फेडशील, सिद्धम्मा?"

"माझा कडबा खाताना त्याला पाप लागलं न्हाय, अप्पा. तुमी मंत्र म्हणा, म्या दावं धरते."

तिनं पेंड पुढं ठेवली. पोळ खात राहिला आणि त्याचं ऊन रक्त माझ्यात उतरलं. मी भरले, कपिलीत रिकामी झाले, पुन्हा भरले. दिवस कलायच्या आत गाईनं मान उचलून वासराला चाटलं.

मग काय कौतुक! कल्याणप्पांनीच मला विभूती फासली. लोक नारळ घेऊन येऊ लागले.

पुढच्या पावसाळ्यात नागूबाईची कालवड दवाखान्यात आणली. गोचिडींनी भरलेली, कान चिरलेला. आणणाऱ्यांनी आधी माझ्यापुढं उदबत्ती लावली, आरती म्हटली, मग सलोत्र्यांना हाक मारली. कालवड उंबऱ्यातच गेली. तिचं डोकं मांडीवर घेऊन नागूबाई मला म्हणाली, "तू असून कशी गं मेली?"

काय सांगू? मी काच आहे.

आता फडताळात पडून आहे, त्याचं दुःख नाही. पण मित्रांनो, गाईच्या कानात, कासेमागं हात फिरवा. गोचीड दिसली की काढा. पापणी पांढरी दिसली तर जनावर पायावर उभं आहे तोवर दवाखाना गाठा. हात जोडायला मागाहून या. आधी तेच हात गोठ्यात जनावराच्या अंगावरून फिरवा.