कोरड्या हाताचा तांडेल

माणसाचं नशीब त्याच्या तळहातावर लिहिलेलं असतं, असं मोठमोठे लोक सांगून गेले आहेत. सोफुसच्या तळहातावर काहीच लिहिता येत नसे. शाई पसरायची.

आमच्या बेटांच्या राजधानीत, तोर्सहावनच्या दवाखान्यात नर्स पेनाने त्याच्या उजव्या तळव्यावर ठिपके काढत होती. दर ठिपक्यावर घाम थांबवणारी एक सुई, एका हाताला पन्नास. दहाव्या ठिपक्यापर्यंत पोचेतो पहिले तीन वाहून गेलेले असत. त्याआधी तिने तळव्याला आयोडीन लावून वर पीठ भुरभुरलं होतं. घाम येतो तिथे काळं पडतं आणि कुठे टोचायचं त्याचा नकाशा मिळतो. सोफुसचा हात मनगटापासून बोटांच्या टोकांपर्यंत सरसकट काळा झाला होता.

“जमीन कुठेच नाही,” नर्स म्हणाली. “नुसता समुद्र.”

“बेटावरचाच माणूस आहे,” मी म्हणालो. कुणी हसलं नाही.

महिन्यातून एकदा डेन्मार्कहून येणारा त्वचेचा डॉक्टर आत आला. “आठवड्याभरात हात कोरडे पडतील. पाच-सहा महिने टिकेल. पण पहिले काही आठवडे पकड ढिली होईल. काम काय करता?”

“मासे कापतो.”

“मग सध्या सुरी नको.”

“सुरीचं काही नाही हो,” सोफुस म्हणाला. “मला हात धरायचाय.”

डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. मी शाळेत शिकवतो, त्यामुळे न विचारता समजावून सांगायची सवय आहे. सांगितलं : आमच्या गावात उपासाचे दिवस लागण्याआधीच्या रविवारी दुपारी नाच असतो. वाद्य नाही. सगळं गाव हात धरून गोल करतं, दोन पावलं डावीकडे, एक उजवीकडे, आणि एकशे ब्याण्णव कडव्यांचा पोवाडा म्हणतं. धृपद सगळ्यांना येतं. कडवी पुढे ओढणाऱ्याला तांडेल म्हणतात, नावेवरच्यासारखंच. आमचा तांडेल याकुप आता चौऱ्याऐंशी वर्षांचा आहे. नाताळच्या नाचात साठाव्या कडव्याला त्याचा दम संपला. पुढची कडवी भिंतीशी उभ्या असलेल्या एका माणसाने म्हटली, खिशातले हात बाहेर न काढता. अख्खा पोवाडा पाठ असलेला दुसरा माणूस गावात नाही.

“मग अडचण काय?” डॉक्टर म्हणाला.

“तांडेल गोलातच लागतो. भिंतीशी उभं राहून म्हटलेलं धरत नाहीत.”

डॉक्टरने मान डोलावली आणि सुई उचलली. शंभर सुयांत सोफुस फक्त एकदा बोलला. तो शब्द मला शाळेत चालत नाही.

परत येताना गाडी मी चालवली, कारण मनगटाला भूल दिल्यामुळे त्याचे हात मांडीवर मेलेल्या कॉड माशासारखे पडले होते. बोगद्यात शिरल्यावर, तोंड दिसत नसताना, त्याने मला चौतीस वर्षांपूर्वीची गोष्ट सांगितली. तो सतरा वर्षांचा होता. गोलात शेजारी मालान होती, दुकानवाल्यांची. एकेचाळिसाव्या कडव्याला, लढाई सुरू होते तिथे, मालानने त्याचा हात सोडला. सोडला म्हणजे झटकलाच. सोफुसने स्वतःच्या तळव्याकडे पाहिलं, गोलातून बाहेर पडला आणि भिंतीला जाऊन टेकला. तेव्हापासून तो तिथेच होता.

“बिरिताला माहीत आहे?” मी विचारलं. बिरिता त्याची बायको.

“तिला वाटतं मला नाच आवडत नाही.”

“आणि पोवाडा पाठ कसा?”

“भिंतीशी दुसरं काय करणार?”

त्याने माशांच्या कारखान्यात नोकरी का धरली, तेही मला तेव्हा कळलं. तिथे सगळ्यांचेच हात ओले असतात.

पुढचे दोन आठवडे गावाने सोफुसच्या हातांवर लक्ष ठेवलं. मुकादमाने त्याला सुरीवरून काढून खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला बसवलं. मुरंब्याची बरणी त्याला उघडेना. बिरिता उघडून देई. आठव्या दिवशी हात कोरडे पडले. आयुष्यात पहिल्यांदा त्याला वर्तमानपत्राचं पान उलटायला बोट जिभेला लावावं लागलं. त्या सकाळी त्याने जुनी वर्तमानपत्रंही काढून उलटली.

इकडे पंचायतीने पोवाड्याची कडवी भिंतीवर पडद्यावर दाखवायचा ठराव आणला होता.

“पडदा लावा,” याकुप म्हणाला. “माझ्या अंगावर घाला आणि पुरा.”

रविवारी दुपारी सोफुस आला तो चांदीच्या गुंड्यांचं बापाचं जाकीट घालून. गोलात माझ्या आणि बिरिताच्या मध्ये उभा राहिला. त्याचा डावा हात माझ्या हातात होता. कोरडा आणि ढिला. कुणाचातरी हातमोजा धरल्यासारखं वाटलं.

“धरलायस ना?” मी विचारलं.

“हे धरणंच आहे. तू घट्ट धर.”

त्याने सुरू केलं. चौतीस वर्षं भिंतीने ऐकलेला आवाज गोलाच्या आतून आला तेव्हा समोरच्या बाया एक पाऊल चुकल्या. याकुप बाकावर बसून काठीने ताल धरत होता. वीस कडवी झाली, तीस झाली. दिवाणखान्याएवढ्या जागेत ऐंशी माणसं. काचांवर वाफ धरली.

आमच्याकडे उशिरा आलेला माणूस गोल हवा तिथे तोडून आत शिरतो, विचारायची पद्धत नाही. दुकान बंद करून मालान आली आणि सोफुस आणि बिरिताच्या मध्ये शिरली.

सोफुसची पावलं चालू होती, कडवी चालू होती, पण मान समोर खिळली होती. अडतीस. एकोणचाळीस. त्याची बोटं माझ्या हातात आवळायचा प्रयत्न करत होती आणि आवळली जात नव्हती. एकेचाळिसाव्याला लढाई सुरू होते. तिथे सगळे जोरात पाय आपटतात, फळ्या हादरतात. आपटले.

मालानने त्याचा हात सोडला.

तांडेलाला थांबता येत नाही. सोफुस थांबला नाही. फक्त बेचाळिसावं कडवं त्याने भिंतीकडे बघत म्हटलं. मी त्याचा हात दोन्ही हातांनी धरला. माझ्या डावीकडचा माणूस शिव्या देत पुढे निसटला. त्रेचाळिसाव्याला मालानने पुन्हा त्याचा हात पकडला आणि पुढे एकशे ब्याण्णवपर्यंत सोडला नाही.

नंतर कॉफी आणि जायफळाच्या वड्या होत्या. सोफुसला कप एका हातात पेलत नव्हता, म्हणून बिरिताने तो धरला होता. मालान वडी खात आली.

“काय रे, तब्येत बरी आहे ना? हात किती गार आणि कोरडा. मेलेल्या माणसाचा धरल्यासारखं वाटलं.”

“म्हणून सोडलास?”

“कधी?”

“एकेचाळिसाव्याला.”

“अरे, मोजा सरकला, तो ओढत होते!” तिने घागरा वर करून पाय दाखवला. “हा डावा. सगळे पाय आपटतात ना, तिथे हमखास उतरतो. एक पिंढरी बारीक आहे माझी. जन्मापासून उतरतोय मेला.”

“चौतीस वर्षांपूर्वीही?”

“चौतीस वर्षांपूर्वी काय झालं होतं?” मालान म्हणाली.

सोफुसने सवयीने तळवे पँटला पुसले. मग थांबून उजव्या तळव्याकडे पाहिलं. तो ओला होता. आम्हा सगळ्यांचेच हात ओलेचिंब होते. पण त्याच्या तळव्यावरचं पाणी मालानचं होतं.

“पोरा,” बाकावरून याकुप म्हणाला, “नाताळात परत टोचून घेणार का?”

“काय करू?”

“मला काय विचारतोस? सत्तर वर्षांत गोलात कोरडा माणूस मी आज पहिल्यांदा पाहिला.”

बिरिताने कप खाली ठेवला. ती मालानकडे बघत नव्हती, तिच्या पायाकडेही नाही.

“सव्वीस वर्षं झाली लग्नाला,” ती सोफुसला म्हणाली. “दरवर्षी मास्तरांचा नाहीतर मच्छीवाल्यांचा हात धरून नाचते मी. मला काय वाटलं, तुला नाही आवडत.”

“बिरिता...”

“पुढच्या वेळी माझ्या शेजारी उभा राहा. कुणी मध्ये शिरलं तर मी बघते.”

ती कप विसळायला निघून गेली. सोफुस तिच्या मागे गेला, पण कप त्याच्या हातून निसटतील म्हणून तिने त्याला फक्त पुसायचं फडकं दिलं. तो ते दोन्ही हातांनी धरून तिच्या बाजूला उभा राहिला.

मालानची डावी पिंढरी उजवीपेक्षा दीड सेंटिमीटर बारीक आहे. दुकानातली फीत आणून मोजली.