नॉर्बर्टची रेघ

बस, ती बादली पालथी घाल आणि बस. नॉर्बर्ट यायला अजून वेळ आहे, तोवर त्याच्या रिफ्रॅक्टोमीटरची गोष्ट सांगतो. तू आमच्या बिअर बनवणाऱ्यांच्या क्लबात नवीन, तुला ती ठाऊक असलेली बरी.

एकतीस वर्षं आम्ही दोघं त्याच्या तळघरात बिअर बनवतोय. मी घरं तापवायच्या भट्ट्या दुरुस्त करणारा, अंदाजपंचे माणूस. नॉर्बर्ट कारखान्यात साचे घडवायचा; केसाएवढी चूक त्याला नुसत्या बोटानं कळायची. एवढी वर्षं माल्टच्या गोड काढ्यात काचेचा हायड्रोमीटर तरंगवला, साखर किती ते वाचलं, झालं काम. या हिवाळ्यात मात्र त्यानं खूळ घेतलं. ते काचेचं लचांड बंद, आता रिफ्रॅक्टोमीटरच घ्यायचा.

म्हणजे काय, तर दुर्बिणीसारखी वीतभर नळी. पुढच्या काचेवर काढ्याचे दोन थेंब टाकायचे, उजेडाकडे धरून आत बघायचं. निळं संपून पांढरं लागतं ती रेघ साखरेचा आकडा दाखवते. बस, एवढंच. आणि ते निवडायला या बाबानं सहा शनिवार घेतले. सहा.

बिअरचं सामान विकणाऱ्या डार्लाच्या दुकानात जायचं. शुद्ध पाण्याचा थेंब टाकायचा, रेघ शून्यावर येते का बघायचं, आणि नाक मुरडायचं.

"रेघ फुसकट आहे."

"मला तर सुरीनं कापल्यासारखी दिसते," डार्ला म्हणायची.

"तुला विकायचाय ना."

दुसऱ्यावर दोन मापं छापलेली, ती एकमेकांशी जुळेनात. ते खरं होतं, डार्लानंही मान्य केलं. तिसरा नको, चौथा नको. माझं डोकं उठलं.

"अरे बाबा, अर्लीनशी लग्न ठरवायला तुला एक नाच पुरला होता."

"आणि मित्र न बघता घेतला. म्हणून आता बघून घेतोय."

सहाव्या शनिवारी मी म्हटलं, गेलं खड्ड्यात, जुनाच हायड्रोमीटर वापरू. तो गाडी लावत होता तेवढ्यात मी तळघरात उतरलो. फळीवर कॉफीचा डबा होता, तो उघडला. आत मोडके हायड्रोमीटर. सात. सगळे मानेत तुटलेले.

पायरीवर अर्लीन उभी होती. "कपसुद्धा मी आता पत्र्याचे काढलेत," ती म्हणाली. "मी बोलले म्हणून सांगू नकोस."

मग मला दुकानातलं आठवलं. नळी डोळ्याला लावताना तो कोपर बरगडीला दाबून धरायचा. रेघ बरी होती रे, सगळ्यांतली; हात स्थिर नव्हता.

राग आला मला. सहा शनिवार मला हिंडवलं, आणि एक शब्द नाही.

सोमवारी एकटा गेलो आणि त्यानं पहिल्यांदा नाकारलेलाच उचलून आणला. त्याच्या कामाच्या बाकावरच्या व्हाईसच्या लोखंडी जबड्यात, दोन्ही बाजूंनी लाकडाच्या चिपा लावून, खिडकीकडे तोंड करून आवळला.

"हे काय?" नॉर्बर्ट म्हणाला.

"भिकार माल आहे. हातात धरला की उबेनं आकडा चुकतो. असाच ठेवावा लागतो."

"कुठल्या गाढवानं बनवलाय?"

त्यानं चमच्यानं काढा घेतला. निम्मा बाकावर सांडला, पण दोन थेंब पडले काचेवर. मग त्यानं दोन्ही हात पाठीमागे बांधले, वाकला आणि डोळा लावला. 

"साडेबारा," तो म्हणाला. "आता ही रेघ म्हणायची. हाच आधी आणायला काय झालं होतं तुला?"

मी फडकं घेतलं आणि बाक पुसला. 

त्याच काढ्याची ही बिअर. गाडीचं दार वाजलं बघ, आला तो. एवढं कर, पेले तू भर. अर्धेच भर. त्याचा, माझा आणि तुझापण.